भाडेकरूचं कुलदैवत

आज सकाळी साडेअकरा वाजता माझ्या परभणीतल्या घराची वरची खोली मला न विचारता नाकारली गेली. घर माझं, नकार कॉलनीच्या अध्यक्षांचा!

गंगाखेडची एक मुलगी खोली बघायला आली होती. इथल्या कॉलेजात नुकतीच शिकवायला लागली आहे. खोली तिला आवडली. मी किल्ली आणायला आत गेले, तेवढ्यात अध्यक्षांनी तिला फाटकाशी गाठलं. आडनावावरून अंदाज लागेना, म्हणून हसत विचारलं, "कुलदैवत कोणतं तुमचं? पोखर्णीचा नरसिंह का?"

ती म्हणाली, "आम्ही बौद्ध आहोत, काका. आमच्यात कुलदैवत नसतं."

"अरेरे! रूम तर कालच गेली की."

मी बाहेर आले तर मुलगी गायब. हे सगळं मला तिनेच फोनवर सांगितलं. परत ये म्हटलं, तर म्हणाली, "राहू द्या मॅडम. रोज जाता-येता त्यांचंच तोंड बघावं लागेल ना मला."

मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये आमची नखं तपासायचे, कुलदैवत नाही.

अध्यक्षांना जाब विचारला, तर म्हणतात, "मॅडम, तुमचंच भलं बघायलोत. चार माणसं नावं ठेवतेत."

त्यांनी लहानपणापासून हेच ऐकलं असेल, मान्य. पण साठी उलटल्यावर तरी स्वतःच्या डोक्याने विचार करायला कोणता मुहूर्त हवा?

अध्यक्षसाहेब, कॉलनीचा हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तुम्हीही वाचता. त्या चार माणसांची नावं आणि मुलीच्या नावे तुमची माफी, दोन्ही लेखी, रविवारी संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पाहिजेत. खोली तिच्यासाठीच ठेवली आहे.