हात मोकळा

"अगं, ती ब्लेडवाली बाई काय म्हणाली ते म्हणून दाखव ना. तिच्याच स्टाइलमध्ये."

आमच्या टीमचा प्रमुख अनिश म्हणाला. चाकणच्या एका कारखान्यातली मीटिंगची थंडगार खोली. टेबलाभोवती कारखान्याचे मोठे साहेब, एचआरच्या मॅडम, आमच्या कन्सल्टिंग कंपनीची तीन माणसं. मी टेबलाला नव्हते. माझी खुर्ची भिंतीला लागून, लॅपटॉपची वायर पोचेल तिथे.

मी म्हणून दाखवलं.

"पानी प्याया गेलं तरी सुपरवायझर मागं येतोय. आमी काय पळून जातूय व्हय?"

सगळे हसले. मोठ्या साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "परत म्हण," ते म्हणाले, "ते पानी परत म्हण." मी परत म्हटलं. आणि या वेळी मी त्यातला 'न' जरा जास्त ओढला. ओढ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच ओढलं. बाकी सगळ्याचा दोष दुसऱ्यांवर ढकलता येतो, एवढ्याचा येत नाही.

मी तेव्हा एमबीएच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठी तिथे लागले होते. ॲनालिस्ट इंटर्न. थेरगावात डांगे चौकाच्या मागे आम्ही राहतो. वडील टेम्पो चालवतात, आई घरी पोळ्या करून डब्यांना देते. दोघं लातूरकडचे. आमच्या गल्लीत ॲनालिस्ट म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं. आई शेजारणीला सांगायची, "पोरगी कंपन्यांना अक्कल शिकवायला जाते." आणि मी हसायचे, कारण मलाही तसंच वाटत होतं.

त्या 'न'चं सांगते. पाचवीत बाईंनी मला वर्गासमोर उभं केलं आणि "आणि, पाणी, लोणी, कोणी" म्हणायला लावलं. मी "आनि, पानी" म्हणाले. पोरं खिदळली. बाई म्हणाल्या, शुद्ध बोलता येईपर्यंत बसायचं नाही. मी तास संपेपर्यंत उभी होते. मग घरी आरशासमोर जीभ वळवून वळवून मी तो ण बसवला. आठवीपर्यंत असा पक्का झाला की नव्या बाईंनी मला भाषणाला निवडलं. आईला केवढं कौतुक. आमची पोरगी रेडिओवानी बोलती, म्हणायची.

इंटरव्ह्यूत अनिशने नाव विचारलं. मग आडनाव. मग "मूळचे कुठले तुम्ही?" मग थोडा थांबला आणि म्हणाला, "ग्रेट. म्हणजे तू ग्राउंडची आहेस." मला ते कौतुक वाटलं. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, "आमच्याकडे सर-बिर काही नाही. नावाने हाक मार. इथे सगळे सारखे." माझ्याबरोबर आणखी दोन इंटर्न होते. ते पुण्याच्या ऑफिसात बसून स्लाइड करायचे. मला स्टॉपवॉच दिलं आणि शेडमध्ये पाठवलं. का, तर मला त्यांची भाषा येते.

कारखान्यात गाड्यांचे रबरी सील बनायचे. साच्यातून सील निघालं की कडेला जास्तीचं रबर राहतं. ते बायका ब्लेडने कापायच्या. लांब टेबलाला बारा बायका, सगळ्या ठेकेदाराच्या. मी स्टुलावर बसून प्रत्येकीच्या हाताची वेळ घ्यायची. किती सेकंद कापते, किती सेकंद थांबते. सगळ्यात कडेला सुमनमावशी. निघोजेच्या. त्यांची जमीन एमआयडीसीत गेली आणि त्याच बाजूच्या कंपनीत त्या ठेक्याने लागल्या. पहिले दोन दिवस त्या मला मॅडम म्हणाल्या, तिसऱ्या दिवशी पोरी.

"ए पोरी, जेवली का? का नुसतं घड्याळच खातीस?"

माझ्या डब्यात मिरचीचा ठेचा बघून त्यांना बरं वाटलं. मग त्या बोलायला लागल्या. मी सगळं वहीत उतरवून घ्यायचे, आणि अनिश रोज संध्याकाळी विचारायचा, "आज काय मसाला?"

दर दोन-तीन ट्रे झाले की सुमनमावशी ब्लेड खाली ठेवायच्या. दोन्ही हात झाडायच्या, बोटं मागे ताणायच्या, मुठी उघडझाप करायच्या. पंधरा-वीस सेकंद. मग पुन्हा ब्लेड. सगळ्याच बायका करायच्या. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हात मोकळा करती गं."

मी वहीत लिहिलं, हात मोकळा. पुढे सेकंद. हात मोकळा, अठरा. हात मोकळा, वीस. पानंच्या पानं.

दुसऱ्या आठवड्यात ते सगळं कॉम्प्युटरच्या शीटमध्ये भरायचं होतं. प्रत्येक ओळीला चारच पर्याय. वर्क, वेटिंग, वॉकिंग, आयडल. पाचवा टाकता येत नव्हता. मी अनिशला विचारलं, हे हात मोकळा कशात टाकू?

"हात मोकळा म्हणजे हात रिकामा. आयडल."

"रिकामा नाही, म्हणजे त्या..."

"काम चालू आहे का त्या वेळात?"

"नाही."

"मग?"

मी आयडल टाकलं. एकेका ओळीला. दोन दिवस लागले.

आता खरं सांगायचं तर मला माहीत होतं. कुणी शिकवायची गरज नव्हती. पोळ्यांच्या आधी आई बारा वर्षं भोसरीच्या एका शेडमध्ये असंच ब्लेड धरून बसायची. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. लाटणं धरताना ती बाजूला राहतात. शीट भरून झाल्यावर मी घरी जेवायला बसले, तर आई म्हणाली, "काय झालं गं? जेवनावर ध्यान नाही तुझं." मी विचारलं, शेडमध्ये तुम्ही बायका हात झाडायच्या ते का? तिने माझ्याकडे खुळ्या पोरीकडे बघावं तसं बघितलं.

"का म्हंजे? आखडल्यावर बोट आपलं राहत नाही बघ. ब्लेडाचं होतंय."

आणि अंगठ्याखालचा वण दाखवला. तो वण मी लहानपणापासून बघत आले होते. त्या दिवशी त्याच्याकडे बघवेना.

सकाळी मी अनिशला गाठलं. म्हटलं, ते आयडल चूक आहे, ती थांबण्याची वेळ नाही, तो कामाचाच भाग आहे, हात झाडला नाही तर ब्लेड लागतं. त्याने शांतपणे ऐकलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तू इमोशनल होतेयस. शीट क्लायंटने बघितलीय. आता बदलली तर आपलंच हसं होईल. आणि तुझ्या ऑफरचं मी बोलतोय वर, माहितीये ना?"

माहीत होतं. इंटर्नशिप संपताना नोकरीची ऑफर मिळणार, असं त्याने दोनदा सुचवलं होतं. घरी मी एकदा बोलून बसले होते आणि वडिलांनी टेम्पो स्टँडवर पेढे वाटायचं नक्की करून टाकलं होतं. मी शीट तशीच ठेवली. त्याच दुपारी ती मीटिंग झाली, ज्यात मी पानी म्हणून दाखवलं.

शेवटच्या आठवड्यात मुख्य सादरीकरण. या वेळी दिल्लीहून कारखान्याचे डायरेक्टर आले होते. मला भिंतीचीच खुर्ची. अनिशच्या सहाव्या स्लाइडवर एक उंच लाल खांब होता. आयडल. खाली लिहिलं होतं, बारा जणींचं काम नऊ जणी करू शकतात. तो सगळा लाल रंग माझा होता. माझ्या वहीतला. 

डायरेक्टरांनी विचारलं, या बायका थांबून करतात काय? अनिश हसला. माझ्याकडे वळला.

"ते हात मोकळावालं म्हणून दाखव ना. तसंच, हातवारे करून."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हसायच्या तयारीत. मी उठून उभी राहिले. का उठले, माहीत नाही.

"नाही म्हणणार."

"काय?"

"मी नक्कल करणार नाही. माझ्या घरात असंच बोलतात. आनि हात मोकळा म्हणजे आयडल नाही. बोटं आखडून ब्लेड लागू नये म्हणून त्या हात झाडतात. तो आकडा चूक आहे. मीच तो चुकीचा भरलाय."

 बोलायच्या गडबडीत 'आणि' म्हणायला गेले आणि तोंडातून 'आनि' निघालं. एचआरच्या मॅडमनी ओठ दाबले. मी ते सुधारलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ते तसंच राहू दिलं.

डायरेक्टरांनी घड्याळ बघितलं. अनिश म्हणाला, "थँक्स. हे आपण नंतर बोलू." आणि सातवी स्लाइड लावली. बस. एवढंच झालं. मला वाटलं होतं काहीतरी होईल, कुणीतरी विचारेल. मी उभी होते आणि मीटिंग चालू होती. थोड्या वेळाने मी बसले.

बाहेर पॅसेजमध्ये तो म्हणाला, "ऑफर गेली, कळतंय ना?"

"आणि त्या तिघी?"

"काँट्रॅक्टवर आहेत. कुठेही लागतील. आणि हे बघ, मी काही केलेलं नाही. डेटा बोलतो."

पंधरा दिवसांत तिघींचे गेटपास बंद झाले. ठेकेदाराचा फोन, उद्यापासून येऊ नका. त्यात सुमनमावशी. कारण त्या सगळ्यात जास्त वेळा हात झाडायच्या. वयच तसं होतं. शीटमध्ये वयाचा रकाना नव्हता.

मी निघोजेला गेले. सुमनमावशी मार्केटात कांदा निवडायचं काम करून नुकत्याच आल्या होत्या. मला दारात बघून उठल्या नाहीत.

"घड्याळ घिऊन बसलेली तूच ना?"

"हो."

"मंग तुला ठावं न्हवतं व्हय, आमी हात का झाडतो?"

नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणायलाच जीभ उचलली होती.

"ठावं होतं."

"मंग लिवलं कशाला?"

 त्यांनी पाणी विचारलं नाही, ये म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सांगितलं, की मी कामगार कार्यालयात लेखी द्यायला तयार आहे. नोंद मी केली, ती चूक आहे हे मला माहीत होतं, असं. माझ्या पूर्ण नावाने लिहून आणलेला कागद पुढे केला.

"कागदानं काय व्हतंय?"

"माहीत नाही."

"न्हाईच व्हनार," त्या म्हणाल्या. पण कागद घेतला. सातवी शिकलेल्या आहेत, दोनदा वाचला. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाल्या, हितं 'विश्रांती' लिवलंय ते काढ, आमी इश्रांती घेत न्हवतो. मी खोडून 'हात झाडणे' लिहिलं. मग त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला.

कार्यालयात आम्ही दोघीच गेलो. बाकीच्या दोघींपैकी एक दुसरीकडे लागली होती, एकीला नवऱ्याने येऊ दिलं नाही. क्लार्कने शिक्का मारला, तारीख कळवू म्हणाला. अजून कळवलेली नाही. मी दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा त्याने मान वर केली नाही.

इकडे कॉलेजात प्लेसमेंटच्या सरांनी बोलावलं. कंपनीचा मेल आला होता. कामगार कार्यालयात कागद देऊन मी गोपनीयता मोडली, असं त्यात होतं. पुढच्या वर्षी ते आमच्या कॉलेजची पोरं घेणार नाहीत, माझ्यामुळे. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र अडवलंय, आणि त्याशिवाय माझं वर्ष पुरं होत नाही. सर वाईट नाहीत. त्यांनी माफीनामा स्वतः टाइप करून दिला, दोन ओळींचा. "सही कर आणि विषय संपव, बाळ." वडीलही तेच म्हणतात. 

तो कागद माझ्यासमोर आहे. त्यात लिहिलंय, 'गैरसमजातून माझ्याकडून चूक झाली.'

गैरसमज नव्हता. मला सगळं नीट समजत होतं. समजत असताना मी दोन दिवस बसून एकेक ओळ खोटी भरली. समजत असताना न ओढून म्हटला. गैरसमज म्हणून सही केली तर ते तिसरं खोटं होईल.

मी सही करणार नाही. प्रमाणपत्र त्यांनी ठेवावं. वर्ष गेलं तर जाऊ दे, पुन्हा करीन. कामगार कार्यालयात दर सोमवारी जाणार आहे, तो क्लार्क मान वर करेपर्यंत. आणि तारीख लागली की साक्षीला उभी राहून पहिलं वाक्य हेच सांगणार आहे, की मोजणारी मी होते, आनि मी खोटं मोजलं.