पाऊण तासाचं वरण
पोट लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहाव्या आठवड्यात, २०१३च्या जानेवारीत, मी आमगावच्या राईस मिलच्या ऑफिसात परत कामावर गेलो. आम्ही पाच जण दोन वाजता एकत्र जेवायचो आणि शेवटच्याचं होईपर्यंत कोणी हात धुवायचा नाही, असा तिथला रिवाज होता. मला वाटीभर पातळ वरणाला पाऊण तास लागायचा. घाई केली की उलटी व्हायची. बाहेर धानाचे ट्रॅक्टर उभे होते. चौघांचा खोळंबा नको म्हणून मी वेगळ्या टेबलावर बसलो. “काऊन तिकडं बसून राहिले जी?” वजनकाट्यावरच्या वयस्क काकांनी विचारलं. मी कारण सांगितलं. “मंग? आमचे हात काय पळून राहिले?” त्यांनी माझी वाटी उचलून स्वतःशेजारी ठेवली. पावणेतीनला ती संपली, तेव्हा चौघांच्याही बोटांवरचा भात वाळला होता.