बर्फावरचा नमुना

सेलू तालुक्यातल्या अर्ध्या गायी हरिदासनं गाभण केल्या, असं लोक म्हणत आणि म्हणून झाल्यावर एकमेकांकडे बघत. कृत्रिम रेतन हा त्याचा धंदा. गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या ठेवलेला नायट्रोजनचा कॅन मोटरसायकलला बांधून तो गोठ्यागोठ्यात फिरे. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, घरात मूल नव्हतं. आई भागीरथाबाईंनी सून सरिताला नागपूरच्या डॉक्टरांपासून गिरडच्या दर्ग्यापर्यंत सगळीकडे नेलं. हरिदासही प्रत्येक ठिकाणी सोबत जाई, आणि बाहेरच्या बाकावर बसे.

यंदा आईनं तळेगावची एक मुलगी पाहून ठेवली. सरितानं आधी फारकत द्यावी, असा बेत. सरिता रडली नाही. रात्रीचं ताट वाढताना म्हणाली, "अजी, मले धाडायचं तर धाडा. पण एकदा तुमी सोताले तपासून घ्या."

वर्ध्याच्या एका दवाखान्यात तेव्हा वंध्यत्वावर मोठा अभ्यास चालू होता. ते का येतं, टाळता येतं का, कशानं बरं होतं, हे शोधायला पुण्याचे आणि परदेशातले डॉक्टरही सामील झाले होते. तिन्ही ठिकाणच्या डॉक्टरांचं एका गोष्टीवर मात्र लगेच एकमत झालं होतं: तपासायचं तर दोघांना, नाही तर कोणालाच नाही. त्यामुळे दोघं तिथं गेली तेव्हा हरिदासला बाहेरच्या बाकाची सोय उरली नाही.

दवाखान्यातल्या खोलीत वीर्याचा नमुना द्यायला हरिदासनं नकार दिला. घरून आणतो म्हणाला. प्रयोगशाळेतल्या दिपालीनं डबी देऊन काय काय सांभाळायचं ते सांगायला सुरुवात केली, तर म्हणाला, "ताई, माहा धंदाच हाये हा."

ठरल्या दिवशी नमुना वेळेत पोचला. तासाभरानं दिपालीनं त्याला आत बोलावलं.

"दादा, यात एकही शुक्राणू हलत नाही."

हरिदास खाली बसला. पहिल्यांदा त्याला आई आठवली. मग सरिता आठवली, आणि त्यानंतर बराच वेळ दुसरं काही आठवलं नाही.

"आणला कसा तुम्ही?" दिपालीनं विचारलं.

"थर्मासमंधी. बर्फ टाकून," तो म्हणाला. एवढ्या दुःखातही आवाजात धंद्याची ऐट होती.

दिपालीनं हसू आवरलं. "तुमच्या कांड्या आधी औषधात घोळून, नीट गोठवून येतात, दादा. हा ताजा. खिशात घालून, अंगाच्या उबेनं आणायचा असतो. पुढच्या आठवड्यात परत आणा."

पहिल्यांदा तो सरिताच्या सांगण्यावरून गेला होता. दुसऱ्यांदा जायला कोणी सांगितलं नाही. सरितानं विचारलंसुद्धा नाही. डबी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवून तो एवढ्या हळू गेला, की वाटेत सायकलवाले पुढे गेले.

या वेळी जिवंत निघाले, पण थोडे आणि लंगडे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अंडकोशाच्या शिरा फुगल्यात, लहानसं ऑपरेशन करू, गुण येईल, खात्री देत नाही. सरिताच्या तपासण्या सगळ्या चांगल्या होत्या.

भागीरथाबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. सरिता आत चुलीपाशी. हरिदास उभ्यानंच म्हणाला, "माय, दोष माह्यात हाये. तळेगावले कळवून टाक."

"काय कळवू?"

"हेच. का पोरात दोष हाये."

"असं कोनी सांगते का, येड्या?"

"हिच्याबद्दल तं नऊ वर्षं सांगून राह्यली ना तू."

भागीरथाबाईंनी सूप खाली ठेवलं. आत भांड्याचा आवाज थांबला होता. उठून त्यांनी तळेगावला फोन लावला आणि पत्रिका जुळत नाही म्हणून सांगितलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाल्या, "सरिता, ऑपरेशनले मी बी येतो. आन शेजारी कोनी इचारलं, तं हर्निया म्हनजो."

"हो, आत्याबाई," सरिता आतून म्हणाली, आणि भाकरी उलटली.