माझ्या माठातला फायटर

एका बोटभर माशाच्या पाण्यावरून बाप-लेकाचं बोलणं बंद होईल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला येडा म्हटलं असतं.

शेत बटईनं देऊन मी आसेगावहून कारंज्याला मुलाकडे राहायला आलो, त्याच उन्हाळ्यात त्यानं तो मासा आणला. निळा, लुगड्याच्या पदरासारखे लांब पर, आणि नजरेत गुर्मी. फायटर म्हणतात त्याला. दुसरा नर दिसला की फाडून टाकतो, म्हणून एकटाच ठेवावा लागतो. एवढं मला आवडलं. बाकी काहीच आवडलं नाही. काचेची पेटी ठेवली माझ्या बाजेच्या उशाशी, आणि पेटीत लावली मशीन. फिल्टर. तिची दिवसभर गुरगुर. पाणी ओढायची, गाळायची आणि नळासारखी धार परत पेटीत सोडायची.

मी चौथीपुढं शाळा पाहिली नाही, पण डोळे शाबूत आहेत. तो मासा त्या धारेपुढं टिकत नव्हता. एवढे लांब पर घेऊन पोहायचं म्हणजे नऊवारी नेसून नाल्याच्या पुरात उतरायचं. धार त्याला ढकलत कोपऱ्यात न्यायची. तिथं तो प्लास्टिकच्या पानाला चिकटून बसायचा. मधूनच वर यायचा, तोंड बाहेर काढून हवेचा घोट घ्यायचा, की धार त्याला पुन्हा खाली दाबायची. हा मासा वरची हवा पितो, हे जरा वेळ बसून पाहिलं तर कोणालाही कळतं. मुलाला बसायला वेळ नाही. त्याला सगळं मोबाईल सांगतो.

मी बटन बंद केलं.

संध्याकाळी तो दुकानातून आला आणि चप्पल न काढता त्यानं बटन चालू केलं.

"कोनं बंद केली?"

"म्या केली. मरून राह्यला तो."

"बाबा, मशीन नसली तं घाण साचते पाण्यात. त्याचंच मूत त्याले मारते. तुमाले काय समजते त्यातलं?"

"तुले समजते ना? मंग धारीखाली बसून भाकर खाऊन दाखव."

"तुमी शेतात कोनाचं न ऐकता आपलंच खरं केलं, ते इथं करू नका."

"काय केलं शेतात? तुले शिकवलं, ते?"

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "मामाजी, चहा घ्या." म्हणजे गप बसा.

मग रोजचंच झालं. तो चालू करून जायचा, मी बंद करायचो. त्यानं बटनावर चिकटपट्टी लावली. मी ती काढून त्याच्याच चपलेच्या तळाला लावली.

आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. आला की घरात एकच धांदल. शिळं पाणी फेका, भांडी घासा, ताजं भरा. हंडे, बादल्या, ड्रम, सगळं. इकडच्या बायांच्या हाताला ते वळणच आहे, त्याला विचार लागत नाही. फक्त माझ्या माठाला हात लावायचा नाही, असं मी आल्या दिवशीच बजावलं होतं. ताज्या नळाला ब्लिचिंग पावडरीचा वास येतो. मला पाणी मुरलेलं लागतं, ठेवून ठेवून पावडर उडालेलं. "शिळं पिता, मामाजी," सून म्हणायची. "पितो," मी म्हणायचो.

एका सकाळी नळ आला तेव्हा पेटीतलं पाणी गढूळ दिसत होतं. सुनेनं मासा वाटीत काढला, पेटी काथ्यानं घासली, नळाखाली काठोकाठ भरली आणि मासा आत सोडला. तो वेड्यासारखा काचेवर धडकू लागला. मग आडवा झाला.

मुलगा धावत आला. "पाह्यलं! मशीन बंद करून मारलाच शेवटी!"

"म्या मारला? अर्धा तुया मशीननं मारला, उरलेला नळाच्या पावडरीनं."

"तुमाले फक्त जिंकाचं हाय."

"अन् तू बापाले हरवाले मासा आनला."

आम्ही एकमेकांच्या अंगावर, आणि तो तिथं आडवा पडून कल्ले फडफडवत. सून आमच्या मधून घुसली. "भांडा मंग दिवसभर. पयले सरका!" तिनं चहाची गाळणी घेतली, मासा उचलला आणि कोणाला न विचारता माझ्या माठात टाकला. घरात दुसरं मुरलेलं पाणी नव्हतंच. सगळं तिनंच फेकलं होतं.

आम्ही तिघं माठावर वाकलो. आत काही दिसेना. मुलानं मोबाईलची बत्ती धरली. मासा तळाशी पडला होता. बऱ्याच वेळानं हलला, डुगडुगत वर आला, तोंड बाहेर काढून त्यानं एक घोट घेतला. मुलानं बत्ती विझवली आणि चप्पल घालून निघून गेला.

पुढं काही दिवस मासा माझ्या माठात आणि मी पावडरीच्या पाण्यावर. पेटीतलं पाणी मुरलं तसा मुलगा मशीन हातात घेऊन उभा राहिला. मी माठाच्या तोंडावर हात ठेवला.

"ते लावशीन तं हा भायेर निंगत नाई."

"अन् बिना मशीनचा मेला तं?"

"माह्या नावावर मांड."

त्यानं मशीन माळ्यावर भिरकावली. तिथून आमचं बोलणं बंद.

आता पाणी मी बदलतो. सगळं नाही. थोडं लोट्यानं काढायचं, तेवढंच माठातलं घालायचं. तळाची घाण बारीक नळीनं, तोंडानं ओढून काढतो. एकदा तोंडात गेली. थुंकलो, कोणाला सांगितलं नाही. या कामाला खाडा चालत नाही. सोयऱ्याच्या लग्नाला किन्हीराजाला गेलो तरी मुक्काम न करता एसटीनं परत आलो. मशीन असती तर यातलं बरंचसं तिनं केलं असतं. तिची धार बारीक करायचा खटकाही असेल एखादा. मी विचारणार नाही, तो सांगणार नाही.

परवा मी नळी धरून पेटीवर वाकलो होतो. मुलगा मागं येऊन उभा राहिला. इतक्या दिवसांनी बोलला, तेही टोचूनच.

"मशीन नको म्हनत होते. आता तुमीच मशीन झाले, बाबा."

"झालो," मी म्हटलं. "पन माही धार त्याले लागत नाई. सरक तिकडं, उजेड अडवून राह्यला."