कमरेतली घडी

शाळेच्या बक्षीस समारंभाला पारंपरिक पोशाख चालणार होता, फक्त तो इस्त्रीचा हवा, असा नियम होता. नीरजा तिच्या आईची नऊवारी नेसून माझ्याबरोबर आली. शेवटची नेसली तेव्हा आईने ती निऱ्या न मोडता ठेवून दिली होती. आई गेली, पण तिच्या हातच्या घड्या अजून कापडात होत्या.

दारावरच्या बाई मायेने म्हणाल्या, "साडी सुरेख आहे गं, पण किती चुरगळलीय." मग माझ्याकडे वळल्या, "समोर इस्त्रीवाला आहे, फिरवून आणता का?"

नीरजाने तेवढ्यापुरता पिशवीतला गणवेश चढवला आणि साडी माझ्या हातात दिली. "कमरेत खोचायची घडी तेवढी राहू द्या, बाबा. ती कुणाला दिसत नाही."

फोटोत माणसाचा चेहरा उरतो. त्याचे हात कसे चालायचे, ते मात्र अशा एखाद्या कापडातच उरत असावं.

इस्त्रीवाल्याला मी ती घडी दाखवली. त्याने मान डोलावली, पाणी शिंपडलं आणि सवयीने तिच्यावरूनही इस्त्री फिरवली. मी काही बोलेपर्यंत कापड गुळगुळीत झालं होतं.

साडी पुन्हा नेसलेली नीरजा नाव पुकारल्यावर मंचावर गेली. तिने बक्षीस एकाच हाताने घेतलं. दुसरा हात कमरेशी चाचपत होता.