गफ्फारभाईचा नवाब

चिमुरात गफ्फारभाई गादीवाला म्हणलं की कोनीबी घर दाखवते. पन शेजारीन मी आहो, खरं मले विचारा! माह्या वाळवनावर त्याच्या कबुतरायची घान पडली की मी गच्चीवरूनच सुरू होते. तो हात जोडते, हासते, अन् दुसऱ्या दिवशी माह्या उशीत नवा कापूस भरून आनून देते. कोनावर चिडावं मानसानं?

त्याचे कबुतरं गिरेबाज. उडता उडता हवेत मागच्या मागं कुलाट्या मारते. पहिली जोडी त्याले चामोर्शीकडच्या लटारूभाऊनं देल्ली. म्हाताऱ्याचं एकच सांगनं, सगळ्या टोळीनं एकाच वेळी कुलाटी मारली पायजे, नाईतं काई मजा नाई.

त्या टोळीत नवाब निंघाला. लाल नर, भलताच तोऱ्याचा. एकटाच सुटे अन् लोळत लोळत अर्ध्या आभाळातून खाली ये. रस्त्यावरचे लोक गाड्या थांबवत. इकडं गफ्फारभाईची छाती फुगून जाये.

मागच्या सालच्या, आमच्या गावच्या घोडायात्रेला लटारूभाऊ आला, त्यानं पायलं अन् साफ सांगतलं, "गफ्फार, याले टोळीतून काढ. हा केव्हाबी सुटते, बाकीचे गडबडते. अन् याचे पिल्लं तं घेऊच नको."

आयकन तं गफ्फारभाई कसला! पिल्लं घेतलेच. मंग काय, कोनी इकडं लोळे, कोनी तिकडं. एक पिल्लू तं लोळता लोळता थांबलंच नाई, त्यायच्याच टिनावर आपटलं अन् गेलं. त्या दिवशी गफ्फारभाई जेवला नाई. त्याची बायको जमीला माह्याकडं येऊन रडली.

उन्हाळ्यात लटारूभाऊचा फोन आला. "डोळ्यापुढं धुकं येऊन राह्यलं गड्या. येत्या यात्रेला तुही टोळी पाहून घेतो. मंग दिसते का नाई, कोनाले मालूम."

फोन ठेवला अन् गफ्फारभाईनं नवाबले अलग दडब्यात टाकलं. त्याच्या पिल्लायलेबी. साध्या, छोटी कुलाटी मारनाऱ्या जोड्या लावल्या. रोज उपाशीपोटी उडवायचे, दान्याचा डबा वाजवून उतरवायचे. जमीला म्हणे, "माह्यावर एवढं ध्यान देल्लं असतं तं मी बी उडली असती!" टोळी उडाली की नवाब जाळीले चोच लावून वर पाहे. "पाहवत नाई हो इंदुताई," गफ्फारभाई म्हणे. पन दार उघडलं नाई त्यानं.

यात्रेला लटारूभाऊ आला. गच्चीवर बाज टाकली होती, ते तो हातानं चाचपत बसला. आमचे चेहरेच उतरले. गफ्फारभाई माह्याजवळ येऊन हळूच म्हणे, "याले तं काईच दिसत नाई. आता काऊन उडवू?"

मले असा राग आला! "उडवा म्हणते ना! म्हातारा बसचे धक्के खात काय तुमचा चहा प्यायले आला?"

त्यानं दार उघडलं. टोळी घरावरून फिरली, पुन्हा फिरली, खालूनच. अन् फर्रर्र! सगळ्यायनं संगच कुलाटी मारली, पंखायचा एकच आवाज. थोड्या वेळानं पुन्हा तसाच. म्हातारा कान वर करून बसला होता.

"गफ्फार," तो म्हणे, "नवाबले खाली ठेवलं ना?"

"ठेवलं, भाऊ."

"लय जड गेलं असन तुले."

गफ्फारभाईले हासूबी येऊन राह्यलं अन् डोळेबी भरून राह्यले. माहेबी भरले, खोटं काऊन बोलू.

"आन त्याले इकडं," लटारूभाऊ म्हणे. नवाबले मांडीवर घेऊन त्यानं पाठीवरून हात फिरवला, पंख चाचपले. "टोळी उतरली की याले एकट्याले सोडत जाय. मोकळं आभाळ आहे, लोळू दे पाह्यजे तेवढं."

तवापासून संध्याकाळी नवाब एकटा उडते. काल बरोबर माह्या पापडायवरच घान केली त्यानं. मी वर पाहतच राह्यली, बोलाचं राहून गेलं.