मीराच्या चार सुट्ट्या

मीरा तायडेला रंगाचं नाव सांगत बसावं लागत नाही. साडीचा पदर काउंटरवर टाकायचा. ती एकदा बघते आणि मागच्या फळ्यांवरच्या शेकडो घड्यांतून नेमकी एक ओढते. आमसुली म्हणजे कुठला आमसुली, हे साडी आणणाऱ्या बाईला स्वतःलाच माहीत नसतं. मीराला असतं. चारकोपच्या मार्केटातल्या त्या मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस, अस्तर, फॉल आणि परकर यांच्यात तिची चौदा वर्षं गेली.

दुकान वर्षाचे सगळे दिवस उघडं. सुट्टीच्या दिवशी तर जास्तच, कारण नोकरी करणाऱ्या बायकांना अस्तर घ्यायला दुसरा दिवस कुठला? मीराला ते मान्य होतं. सुट्टीला दुकानं बंद ठेवा असं ती कधीच म्हणाली नाही. तिचा नवरा अनिरुद्ध बस चालवतो, आणि सणासुदीला घरी बसलेला तिने त्याला फारसा पाहिलेला नाही. सगळेच घरी बसले तर बाहेर पडणाऱ्यांना नेणार कोण? तिचं म्हणणं एवढंच, की उघडं ठेवायचं तर कुणी कुठल्या दिवशी थांबायचं हे आपसात माणसासारखं ठरवावं. आणि ते ठरलेलं होतं.

ते असं. कायद्याने दुकानात काम करणाऱ्याला वर्षाला आठ सणाच्या सुट्ट्या. चार सगळ्यांना सारख्या, उरलेल्या चार मालकाने आणि कामगारांनी मिळून वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या. त्यासाठी दरवर्षी डिसेंबरअखेर एक कागद फिरे. मालक नंदकिशोरकाका त्यावर आपल्या अक्षरात लिहीत: गणेश चतुर्थी, दसरा, दिवाळीचा पाडवा, धुळवड. खाली सगळ्यांच्या सह्या. मीराचीही.

प्रत्यक्षात त्या चारही दिवशी शटर मीरा उघडायची. जयंती, तिच्याबरोबर काउंटरला असणारी, गणपतीला कणकवलीला जायची. बाकीच्या आपापल्या घरी. मीराकडे गणपती नाही, तिला काय अडचण? बदल्यात चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर तिचे. उरलेले दोन दिवस ती सासरच्या लग्नकार्याला वापरायची. पहिल्याच वर्षी ती काकांना म्हणाली होती, माझ्या नावापुढे माझे दिवस लिहा ना. काका म्हणाले, एकाच कागदावर दोन तऱ्हा कशाला, आपल्याला माहीत आहे ना, झालं तर. मीरानेही मान हलवली. नव्या जागी पहिल्याच महिन्यात आपले दिवस वेगळे मागायचे, मग कुणीतरी बघणार, कुणी काही न बोलता बघणार. ते तिला नको होतं. म्हणून तिने सही केली. मग चौदा वेळा केली.

या वर्षी काकांची बायपास झाली आणि दुकान सून बघायला लागली. रेवती. वाईट मुलगी नाही. कुणाला अरेतुरे नाही, चहा सगळ्यांना सारखा. पण तिला दुकान कागदावरून समजतं. दिवाळीनंतर तिने हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन बसवलं आणि जुनी हजेरीपत्रकं घरी नेऊन वाचली. त्यांत त्या चार दिवसांपुढे सगळ्यांना सुट्टीच लिहिलेली, आणि सणाला ती स्वतः दुकानात नसे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मीराने नेहमीप्रमाणे सांगितलं, सहा तारखेला मी नाही.

"मीराताई, सहाला शनिवार आहे. लग्नांचा सीझन. आणि तुमच्या चार झाल्यात की."

"वहिनी, त्या चारही दिवशी मी इथेच होते. तुम्ही काकांना विचारा."

रेवतीने विचारलं, तिथल्या तिथे. काका गल्ल्यामागे बसले होते. ऑपरेशनपासून ते तासभर येऊन बसत, सवय म्हणून. त्यांनी मीराकडे पाहिलं नाही. मोबाइलवर काहीतरी वर सरकवत म्हणाले, "आता सगळं रेवती बघते."

चौदा वर्षं ज्या माणसाच्या घरच्या गणपतीला फुलं पोचवून मग हिने शटर उघडलं, त्याच्या तोंडून एवढंच निघालं. भित्रेपणाला वय नसतं.

रेवतीने कागद पुढे केला. सही दाखवली. मग अगदी शांतपणे, वाद म्हणून नाही तर खरंच न समजून म्हणाली, "आणि तुमचे बाबा त्या दिवशी दादरला पुस्तकांचं दुकान लावतात ना? मग सुट्टीला दुकान उघडलं तर बिघडलं कुठे?"

मीराने कागद परत दिला. दुपारी डबा खाताना तिला उत्तर सुचलं, की बाबांचं दुकान वर्षातून तेवढा एकच दिवस असतं. पण जेवणानंतर जाऊन मालकिणीला उत्तरं देणारी माणसं वेगळी असतात.

बाबा म्हणजे भीमराज. आयुष्यभर छापखान्यात बाइंडिंग केलं. बायको गेल्यापासून लेकीकडे दहिसरला. तीस वर्षं सहा डिसेंबरला शिवाजी पार्कजवळ एका भिंतीला पाठ लावून ताडपत्री पसरतात आणि पुस्तकं विकतात: वंदनेची, भीमगीतांची, चरित्रं, अर्ज कसे भरावेत त्याची. कमाईसाठी नाही, सुटलं तर भाडं सुटतं. पण खेड्यांतून येणारी माणसं त्यांना शोधत येतात. पुढच्या वर्षी अमुक आणा, असं तोंडी सांगून जातात आणि बाबा ते लक्षात ठेवतात. काचबिंदूने दोन्ही डोळे जवळजवळ गेले तेव्हापासून मीरा शेजारी बसते. तशी त्यांना तिची गरज कमीच. पुठ्ठा, कागद, शिवण यांवरून ते पुस्तक अंगठ्याने ओळखतात.

या वर्षीची गोष्ट वेगळी होती. वाशीमकडचा एक म्हातारा दरवर्षी येतो. गेल्या वर्षी त्याने सांगितलं होतं, गावात दहावीला दहा पोरं आहेत, वसतिगृहाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज कुणाला भरता येत नाहीत, त्याची माहिती असलेलं पुस्तक आणा, दहा प्रती. बाबांनी मिळवल्या. पण त्याच प्रकाशकाने गीतांचं पुस्तकही त्याच आकारात, त्याच गुळगुळीत कव्हरात काढलेलं. अंगठ्याला दोन्ही सारखीच. बाबांनी आदल्या संध्याकाळी दोन्ही गठ्ठे चाचपून पाहिले आणि म्हणाले, हे दोन मला नाही कळत गं.

"तुम्ही त्यांना हात लावू नका," मीरा म्हणाली. "मी तीनला येते."

तीनला. कारण तेवढं तिने मिळवलं होतं. आधी जयंतीला विनवलं, तू तरी वहिनींना खरं सांग, दर गणपतीला तू कुठे असतेस आणि मी कुठे. जयंती घडीवर घडी ठेवत राहिली. तिच्या मुलीचं फेब्रुवारीत लग्न. तिला दहा दिवस सलग हवे होते.

"मीरे, माका यात ओढू नको गो," ती शेवटी म्हणाली. "चेडवाचा लगीन होऊ दे."

मीराला राग आला, आणि तिच्या जागी आपण काय केलं असतं हेही तिला ठाऊक होतं. मग तिने रेवतीकडे अर्ध्या दिवसाचं मागितलं. रेवती म्हणाली, गर्दी नसेल तर तीनला निघा. न सांगता राहिलात तर मात्र दुसऱ्या दिवसापासून यायची तसदी घेऊ नका. हेही तिने मऊ आवाजातच सांगितलं.

सहा तारखेला दहिसरच्या चाळीतली माणसं शेजारच्या मिथुनच्या टेम्पोतून दादरला गेली. त्यांनी बाबांना जागेवर बसवलं, ट्रंक उघडून दिली आणि अभिवादनाच्या रांगेत गेली. त्या रांगेत माणूस शिरला की पाच-सहा तास त्याचं नाव घ्यायचं नाही.

पावणेतीनला दुकानात एक लग्नघर शिरलं. आई, मावशी, नवरी आणि दोन मोठ्या पिशव्या. सव्वीस साड्या, प्रत्येकीला पीस, अस्तर, फॉल आणि परकर. मावशी फार मोकळी बाई; आल्या आल्या म्हणाली, आम्हाला मीराच हवी, बाकीच्यांना डोळे नाहीत. रेवतीने मीराकडे पाहिलं. एवढंच झालं की मग निघा, म्हणाली.

साडेतीनला मीराच्या कमरेला खोचलेला फोन थरथरला. बाबा. हातात मोरपंखी पैठणी होती, पलीकडून रेवती बघत होती. तिने कट केला. पाच मिनिटांनी पुन्हा. पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मावशी म्हणाली, उचल गं बाई, कुणाचं तरी काही असेल. मीरा म्हणाली, "काही नाही, घरचेच आहेत." हे वाक्य तिला अजून आठवतं.

सव्वीस साड्या व्हायला सव्वापाच वाजले. जाताना मावशीने तिच्या हातात पेढा ठेवला आणि म्हणाली, बरं झालं बाई, तुम्ही आज उघडं ठेवलंत.

दादरला पोचेपर्यंत अंधार पडला होता. माणसांतून वाट काढत ती भिंतीपाशी आली तेव्हा बाबा ताडपत्रीवर बसले होते आणि दोन्ही हात पुस्तकांवर आडवे ठेवून होते. समोर उभ्या दोन बायांना सांगत होते, बंद आहे, दुकान बंद आहे.

"बाबा, मी."

त्यांनी हात काढले नाहीत. काय झालं ते मात्र सांगितलं, सरळ, ओळीने. वाशीमचा म्हातारा दुपारी एक वाजता आला. त्याची गाडी साडेपाचची, त्याला कल्याणहून धरायची होती. बाबांनी त्याला धरून ठेवलं: मुलगी येते तीनला, ती देईल. तो बसला. त्याने आपल्यातली भाकर दिली, बाबांनी खाल्ली. तीन वाजले, साडेतीन झाले. बाबांनी फोन केले. मग तो म्हणाला, आता मला निघावंच लागेल, तुम्हीच द्या, तुमचा हात कधी चुकलाय. कुणाकडून तरी नाव वाचून घ्यावं हे त्या घाईत दोघांनाही सुचलं नाही; बाबांनी दोन्ही गठ्ठे पुन्हा पुन्हा चाचपले आणि एक दिला. त्याने न बघताच पिशवीत टाकला. बघणार काय, त्याचा चष्मा गावीच राहिलेला, आणि इतक्या वर्षांत कधी बघावं लागलं नव्हतं. पाच वाजता एका कॉलेजातल्या मुलीने उरलेल्या गठ्ठ्यातलं एक उचलून नाव मोठ्याने वाचलं. अर्ज कसे भरावेत.

"त्या पोरांना गाणी दिली मी," बाबा म्हणाले. "अर्ज मागितले होते त्यांनी."

मीरा म्हणाली, कदाचित गाडी चुकली असेल, कदाचित इथेच थांबला असेल, मी बघते. तिला माहीत होतं की नाही. तरी तिने दहा प्रती पिशवीत भरल्या आणि मैदानात गेली. मांडवाखाली माणसं चादरी अंथरून पडली होती, जिल्ह्याजिल्ह्यांचे घोळके, डोक्याखाली गाठोडी. ती प्रत्येक घोळक्यापाशी थांबून विचारत गेली, वाशीम का? एक हिंगोलीचे निघाले. एक बुलढाण्याचे, तिच्या माहेरच्या बाजूचे. जय भीम ताई, बसा, म्हणाले. वाशीमचा एक तरुण भेटला, पण दुसऱ्या तालुक्याचा. गाव कुठलं, त्याने विचारलं. मीराला गाव माहीत नव्हतं. दरवर्षी तो माणूस तिच्यासमोर उभा राहिला होता आणि तिने त्याला कधी विचारलं नव्हतं. बाबा ओळखतात, एवढं पुरे होतं.

तासाभराने ती रिकाम्या पिशवीने परतली. प्रती तिने त्या दुसऱ्या तालुक्याच्या तरुणाला देऊन टाकल्या. घेऊन परत येणं तिला जमलं नसतं.

बाबांनी तिच्या पावलांकडे कान लावला होता. "भेटला?"

"भेटला. दिल्या."

"काय म्हणाला?"

"पुढच्या वर्षी येतो म्हणाला."

बाबांनी तिच्या हातातली रिकामी पिशवी चाचपली. मग विचारलं, "नाव काय त्याचं?"

शेजारच्या कॅलेंडरवाल्याने आपला दिवा विझवला. मीरा खाली बसली आणि ताडपत्रीच्या कडेला लागलेली माती नखाने खरवडत राहिली. बाबांनी तिचा खांदा शोधला आणि त्यावर भार देऊन उठले.

"चल," ते म्हणाले. "ट्रंक भरून घे. मी आता नाही यायचा."